टेबलावरचे कवडसे

“मग त्या चित्रात मी नाही, तर कोण आहे?”

अभिनंदननं हे विचारलं तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. दस्तगीर मास्तरांशी त्या आवाजात बोललेलं मी आजवर कुणाला ऐकलं नव्हतं. मी छपाईचं मशीन बंद केलं.

मास्तरांच्या मांडीवर ज्वारीची पिशवी होती. तिचं तोंड सोडून ते आत बघत बसले होते, बघत राहिले...

मला अभिनंदनचा राग येत होता, हे आधीच सांगून टाकतो. आल्या आल्या त्यानं बसायच्या आधी माझा बाक रुमालानं पुसला होता. बाक स्वच्छ होता.

दुकान माझं. मिरजेत मी फ्लेक्स छापायचा धंदा करतो. मास्तर एकेकाळी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, दोन-दोन मजली चेहरे. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं. म्हणजे माझ्यासारख्यांनीच घेतलं. तरी रोज दुपारी ते माझ्याच दुकानात येऊन बसतात, मी संगणकावर काय करतोय ते बघतात आणि चुकलं की शिव्या घालतात. त्या पडद्यावर काय कुठं असतं, हे आता त्यांना माझ्याइतकंच कळतं.

बोर्ड सुटले तसे ते पोरांना वस्तुचित्र शिकवायला लागले. तांब्या, वांगी, कंदील, घरात जे असेल ते टेबलावर मांडायचं आणि समोर बसून काढायचं. त्यांचे नियम दोनच. जी वस्तू काढायची, ती आधी एक दिवस वापरायची. तांब्या असेल तर त्यातून पाणी प्यायचं, तो घासायचा, मग कागद हातात घ्यायचा. आणि मास्तरांनी ‘सही कर’ म्हटल्याशिवाय चित्रावर सही करायची नाही.

मला त्यांनी सही करायला सांगितलं ते चौथ्या वर्षी, एका फुटक्या बरणीच्या चित्रावर. अभिनंदन चौगुले सहा वर्षं त्यांच्याकडे होता. आम्हा सगळ्यांत त्याचा हात चांगला होता. त्याला त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

मग तो पुण्याला गेला, संगणकावर चित्रं काढायला शिकला आणि बघता बघता त्याचं नाव झालं. आता पुण्यात एक मोठं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक चित्रकारानं स्वतःचं चित्र द्यायचं, पण त्यात चेहरा नको, माणूस नको. फक्त वस्तू. वस्तूंवरून माणूस ओळखू आला पाहिजे. अभिनंदनचं चित्र दर्शनी भिंतीवर लागायचं होतं. संध्याकाळी सहापर्यंत ते पाठवायचं होतं, आणि चार वाजता तो लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात हजर झाला.

कशासाठी आला ते त्यानं सांगितलं नाही. सहज दाखवायला आलो म्हणाला. पण चित्राच्या उजव्या कोपऱ्यात सहीची जागा मोकळी ठेवलेली होती, आणि ती आम्हा तिघांनाही दिसत होती.

चित्र डोळ्यांत भरणारं होतं, खोटं कशाला बोलू. जुनं लाकडी टेबल. त्यावर एक व्हायोलिन. साखळीचं घड्याळ, खिशात ठेवायचं. कातडी बांधणीची चार जाड पुस्तकं, अर्धी जळलेली मेणबत्ती आणि तिच्याशेजारी माणसाची कवटी. डावीकडच्या खिडकीतून ऊन आलेलं. प्रत्येक वस्तूचा अर्थ अभिनंदननं समजावून सांगितला. व्हायोलिन म्हणजे त्याच्या आतला सूर. घड्याळ म्हणजे निसटणारा काळ. मेणबत्ती म्हणजे एकटेपणा. तो बराच वेळ बोलत होता.

सगळं ऐकून मास्तर म्हणाले होते, “ह्यात तू नाहीस.”

त्यावरच तो उसळला होता.

“अभ्या,” मास्तर आता म्हणाले, “व्हायोलिन कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? प्रतीक आहे ते.”

“ते कळलं. कुणाचं?”

“...विकत घेतलंय. नेटवर तयार मिळतात असल्या वस्तू. हव्या तशा फिरवून ठेवता येतात.”

“जड असतं का?”

मास्तरांनी मग घड्याळाचं विचारलं, त्याला चावी कुठून देतात. त्याला माहीत नव्हतं. पुस्तकं कसली आहेत? पुस्तकं आतून कोरी होती, नुसते पुठ्ठे. कवटी कुणाची? यावर मी हसलो. अभिनंदननं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

मग तो मुद्द्याला आला, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, वस्तू हातात धरून चित्र काढायचे दिवस संपले. वस्तू आपली असावी लागत नाही, तिच्यातला अर्थ आपला असला की झालं. तुम्ही आम्हाला वर्ष वर्ष तांबे घासायला लावलेत. मी सहा वर्षं घासले. मला काय मिळालं?

ज्वारीला टोके लागले होते, धान्यातले ते बारीक काळे किडे. पिशवीचं तोंड उघडं पडल्यावर ते बाहेर निघायला लागले. मास्तर गिरणीला जाता जाता इथं टेकले होते. एक किडा माझ्या टेबलावरून कीबोर्डकडे निघाला. मी तो अंगठ्याखाली चिरडला आणि अंगठा पँटला पुसला.

अभिनंदन बोलता बोलता थांबला. माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्या आवाजात.

“तुम्हाला माझं काही आवडलेलंच नाही कधी. सोपानची फुटकी बरणी आवडली. माझं काही नाही.”

सोपान म्हणजे मी. माझ्या अंगाची लाही झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला.

“अर्थ तुझा आहे म्हणालास ना?”

“हो.”

“मग व्हायोलिनचा डोळा मीट.”

हे जरा सांगायला हवं. संगणकावरच्या चित्रात एकेक वस्तू वेगळ्या थरावर असते. काचेवर काच ठेवत जावं तसे थर एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक थराच्या नावापुढे डोळ्याची एक खूण असते. ती दाबली की ती वस्तू दिसेनाशी होते, पुन्हा दाबली की परत येते. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो आत-बाहेर करायला मी दिवसातून शंभर वेळा तेच करतो. मास्तर ते रोज बघतात.

अभिनंदननं डोळा मिटला. व्हायोलिन गेलं, त्याच्याबरोबर त्याची सावलीही गेली.

“दुखलं?”

“यात दुखायचं काय?”

“घड्याळ.”

घड्याळ गेलं.

“दुखलं?”

“मास्तर, मी इथं पोरखेळ करायला आलेलो नाही. सहाला फाइल जायची आहे.”

“पुस्तकं.”

त्यानं पुस्तकं मिटली. मग मास्तरांनी सांगायची वाट न बघता मेणबत्ती मिटली, कवटी मिटली. माणूस चिडून घरातली भांडी आदळतो, तसा तो खूण दाबत होता. एकाही वस्तूशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मला ते दिसत होतं, आणि त्यालाही दिसत असणार, म्हणून तो जास्तच चिडला होता.

पडद्यावर नुसतं टेबल राहिलं. जुनं लाकूड, त्याच्या फटींत कसलीतरी पांढरी पूड. डावीकडून येणारं ऊन.

आणि टेबलाच्या मधोमध एक गोल सावली. जिथं मघाशी व्हायोलिन होतं, त्याच्याखाली. त्या सावलीत उन्हाचे बारीक कवडसे, ओळीनं मांडल्यासारखे. एका ठिकाणी दोन कवडसे एकात एक मिसळून लांबट झालेले.

मास्तर पुढे झुकले...

मीही झुकलो. वस्तू एकही नव्हती आणि सावली होती.

“ही कशाची?”

अभिनंदनचा चेहरा उतरला. पण आवाज उतरला नाही. म्हणाला, कशाची नाही, नुसता प्रकाशाचा खेळ आहे, चित्राला उठाव येतो.

“अभ्या.” मास्तरांचा आवाज इतका खाली गेला की मला भीती वाटली. शिकवताना आमच्यापैकी कुणी चित्रात भलताच रंग ओतला की त्यांचा आवाज असा व्हायचा. “दर आठवड्याला माझी ज्वारी त्या चाळणीतनं जाते. ते फाटलेलं भोक मी वीस वर्षं बघतोय. राजमतीबाईंच्या चाळणीची सावली मला कळत नाही होय?”

राजमतीकाकू म्हणजे अभिनंदनची आई. किल्ल्याकडे त्यांची पिठाची गिरणी आहे. मिरजेत त्या गिरणीला सगळे ओळखतात, आणि कशासाठी ओळखतात तेही सगळ्यांना माहीत आहे. काकू जैन. किडे असलेलं धान्य त्या जात्यात जाऊ देत नाहीत. कितीही रांग असो, पट्टा थांबवतात, पत्र्याची मोठी चाळण घेतात, धान्य चाळतात आणि खाली पडलेले किडे कागदावर घेऊन बाहेर सावलीत सोडून येतात. उन्हात नाही, उन्हात ते मरतात. मगच दळण सुरू होतं. लोक वैतागायचे. हसायचे. आणि काकूंच्या मुलाला शाळेत ‘किड्या’ म्हणायचे.

हे सगळं चटकन माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि मला माझा बाक आठवेना, रुमाल आठवेना. त्या रांगेत मी असायचो. तो शब्द मीही वापरला होता, एकदा नाही.

मग अभिनंदन जे बोलला ते दात आवळून.

आधी ती चाळणच होती चित्रात, तो म्हणाला. फक्त ती. अकरा दिवस गिरणीत बसून काढली. आईच्या हातातनं घेऊन धान्य चाळून बघितलं, तुमच्या नियमानं. टेबलही गिरणीतलंच. मग एका संध्याकाळी ते चित्र दर्शनी भिंतीवर लागलेलं डोळ्यांसमोर आलं. लोक विचारणार, ही कसली चाळण, आणि मला सांगावं लागणार.

“म्हणून काढून टाकली. थर पुसला. सावली टेबलाच्या थरावर रंगवली होती, ती राहून गेली. चूक झाली.”

“चूक,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही नव्हता माझ्या जागी.” आता त्याचे डोळे भरले होते, आणि त्याचाही त्याला राग येत होता. “ती पट्टा बंद करून किडे वेचत बसायची. लोक रांगेत उभे राहून दात काढायचे. मी तिथंच बाजूला पाटावर अभ्यास करत बसलेलो असायचो. ती एकदासुद्धा वर बघायची नाही. मला वाटायचं, एकदा तरी दळ गं तसंच. एकदा तरी.”

“आणि?”

“आणि काही नाही. मी आयुष्यभर त्या गिरणीतनं बाहेर पडायला चित्रं काढली. तुम्ही म्हणताय त्या चाळणीत मी आहे. नाही. मी तिथनं सुटलेला आहे.”

मास्तर उठले. त्यांचे गुडघे दुखतात, ते उगाच उठत नाहीत. पडद्यासमोर बोट नेऊन त्यांनी त्या लांबट कवडशावर टेकवलं.

“मग पूस.”

“काय?”

“सुटलास ना? मग ही पण पूस. व्हायोलिन आण परत, कवटी आण, आणि पाठव. मी सही कर म्हणतो. आत्ता म्हणतो. पूस आणि कर सही.”

मी मास्तरांना इतकं संतापलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं. सहा वर्षं त्या पोरानं ज्या शब्दांची वाट बघितली, ते शब्द ते त्याच्या तोंडावर मारत होते.

अभिनंदननं लॅपटॉपला जोडलेली रंगवायची पाटी पुढे ओढली. ही त्याची पाटी म्हणजे छोटा पडदाच असतो. चित्र तिच्यावरही उमटतं, आणि पेनानं थेट तिथंच रंगवता किंवा पुसता येतं. रिकामं टेबल, ऊन आणि ते कवडसे आता त्याच्या हाताखाली होते. त्यानं पुसायचं हत्यार निवडलं. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, जसं काही मीच त्याला अडवत होतो.

पेन टेकवणार, तेवढ्यात पाटीवर एक किडा आला.

पिशवीतलाच. पाटीच्या कडेवरून चढला आणि उजेडाकडे जातात तसा सरळ त्या सावलीवर गेला. एका कवडशातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. त्या लांबट कवडशावर येऊन थांबला.

अभिनंदनचा हात हवेत राहिला...

“हा तुमचा किडा बाजूला घ्या,” तो म्हणाला.

आम्ही दोघंही हललो नाही. माझा अंगठा मी मुठीत धरून ठेवला होता. का, ते मला सांगता येणार नाही. लाज वाटत होती एवढं खरं.

त्यानं पेन खाली ठेवलं. शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही. माझ्या टेबलावरची एक पावती ओढली, तिची कड किड्यापुढे धरली आणि वाट बघितली. किडा चढेपर्यंत. मग पावतीला दुसऱ्या हाताचा आडोसा करून तो दारापाशी गेला.

पायरीवर ऊन होतं. तो पायरी ओलांडून पलीकडे गेला. माझ्या दुकानाबाहेर तुळशीची कुंडी आहे, तिची भिंतीकडची बाजू सावलीत असते. तिथं वाकून त्यानं पावती मातीला टेकवली आणि पुन्हा वाट बघितली. त्याचे ओठ रागानं आवळलेलेच होते. आपण काय करतोय याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, त्याच्या डोक्यात अजून भांडण चालू होतं.

परत आल्यावर तेच पुढे सुरू करायला त्यानं तोंड उघडलं. आणि मास्तरांचे त्याच्यावर लागलेले डोळे बघून थांबला. मग हातातल्या पावतीकडे बघितलं.

खाली बसला तो बाक न पुसता.

रस्त्यावरून एक टेंपो गेला. मी छपाईचं मशीन चालू करावं की नाही ते ठरवत होतो आणि ते मला ठरवता येत नव्हतं.

साडेपाच झाले. त्यानं पेन उचललं नाही. मिटलेला एकही डोळा उघडला नाही. टेबल तसंच होतं, त्यावरची सावलीही. बराच वेळ ती बघत राहिल्यावर त्यानं विचारलं, हे असंच पाठवलं तर लोक विचारतील, वस्तू कुठं आहे.

“विचारू देत,” मास्तर म्हणाले.

त्यांनी ज्वारीच्या पिशवीचं तोंड बांधलं आणि ती उचलून अभिनंदनच्या मांडीवर ठेवली. ठेवली कसली, आदळलीच. “माझा गुडघा दुखतोय. ही तू ने गिरणीत. चाळून आण.”

“सहाला फाइल...”

“तुझी तू बघ.”

राग ओसरला नव्हता. दोघांचाही. अभिनंदननं तसंच ते चित्र, रिकामं टेबल आणि ते कवडसे, फाइल म्हणून पाठवून दिलं. लॅपटॉप मिटला. पिशवी काखोटीला मारली आणि उठला. दारापर्यंत गेला. आणि तिथून, मागे न वळता, तिरसटासारखा म्हणाला की सहीची जागा मोकळीच राहिली, तुम्हाला हेच हवं होतं, सहा वर्षं तुम्हाला हेच हवं होतं...

मास्तर बाकावर टेकले. गुडघा चोळत त्यांनी कुंडीकडे बघितलं.

“केलीस की मघाशी,” ते म्हणाले. “त्या तुळशीत.”